राखून ठेवलेला फणसोंबा

फणसोंब्याची, म्हणजे फणसाच्या खोडावर उगवणाऱ्या लाकडासारख्या कडक बुरशीची, खालची बाजू भिंगातून पाहिली, तर एका मिलिमीटरमध्ये पाच-सहा छिद्रं दिसतात. वरची बाजू काळपट, खडबडीत. दर पावसाळ्यात कडेला एक नवी तपकिरी वळी चढते. आमच्या घरातल्या तुकड्यावर आता वळी चढत नाही. सासूबाईंनी, बाळाबाईंनी, तो आमच्या लग्नाच्या वर्षी साताऱ्याकडच्या एका कुजत चाललेल्या फणसावरून काढून आणला. करंजाडेच्या फ्लॅटमध्ये देवघराखालच्या डब्यात तो फडक्यात गुंडाळलेला असतो. तान्ह्या बाळाची लाळ थांबेना, तोंड आलं, की सहाणेवर उगाळून हिरड्यांना लावतात. पहिलं उगाळणं घरच्या बाळासाठी. तोवर तुकडा बाहेर द्यायचा नाही, असा त्यांच्याकडचा नेम.

मी कॉलेजात बुरशीशास्त्र शिकवते.

“तुमच्यात ह्याला काय म्हणत्यात?” तुकडा आणला तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं.

“फेलिनस.”

“कुत्र्याला हाक मारल्यागत वाटतंय.”

बिल्डिंगमागे पडलेल्या गुलमोहराच्या ओंडक्यावर जे उगवतं, त्यालाही त्यांच्याकडे नावं आहेत. मऊ, तपकिरी ते म्हातारीचे कान. काळी, आखूड ती भुताची बोटं. मला त्यांची फक्त लॅटिन नावं येत होती.

काल दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. याही वेळी गर्भ रुजला नव्हता. मी “बरं” म्हटलं आणि पुढच्या तासाच्या स्लाइड्स काढून ठेवल्या. संध्याकाळी यशराजला, माझ्या नवऱ्याला, सांगितलं. तो म्हणाला, “पुढची तारीख विचारतील.” मग आम्ही जेवलो. आता थांबायचं, हे दोघांनाही गेल्या वर्षीच कळलं होतं. बोलायचं कुणी, एवढंच राहिलं होतं. आईंना, म्हणजे सासूबाईंना, दर वेळी “पुढच्या खेपेला” म्हणत आलो.

आज सकाळी वरच्या मजल्यावरची संघप्रिया आली. कडेवर मुलगी, तिचं लाळेरं ओलंचिंब.

“आजी, ते तुमचं झाडावरचं औषध द्या ना थोडं. हिचं तोंड आलंय. डॉक्टरचं जेल लावलं, पण दूधच घेत नाय. नुसतं टेन्शन.”

“संपलं गं बाई.”

“काय आजी! परवा तर उन्हात ठेवलेलं दाखवलंत मला.”

“त्ये व्हय,” आई पदर सारखा करत म्हणाल्या. “त्ये राखून ठेवलंय.”

मुलीने माझी ओढणी मुठीत धरली. लाळेचा एक थेंब माझ्या मनगटावर पडला. कोमट होता. त्यापलीकडे मला काही जाणवलं नाही.

मी डबा काढला, फडकं सोडलं आणि तुकडा सहाणेवर ठेवला. यशराज दाराशी बूट घालत होता. तो तसाच वाकलेला राहिला.

“अगं उज्वला, तुमच्या लेकराचं हाय त्ये,” आई म्हणाल्या.

“उगाळा, आई,” मी म्हणाले. “आम्ही आता उपचार घेणार नाही.”