संदर्भ हवा

कोरीन पेल्कीला विकिपीडियावर लिहायला मी शिकवलं. हे मीच आधी सांगून टाकते, कारण ती सांगते तेव्हा लोकांना त्यात तिचाच मोठेपणा दिसतो.

आमच्या गावच्या दीपगृहाचा लेख माझा. म्हणजे तिथे कुणाचंच काही नसतं, कुणीही यावं आणि बदलावं, पण इतक्या वर्षांत त्याला माझ्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. चांगलं काम दिसलं की तिथली माणसं एकमेकांच्या चर्चापानावर, म्हणजे निरोपांच्या पानावर, एक तारा डकवतात. नुसतं चित्र असतं. माझं पान कोरंच होतं.

कोरीनने सार्डिन माशांच्या बंद पडलेल्या कारखान्यावर लिहायला घेतलं. तिची आई तिथे डबे भरायची. एका हिवाळ्यात लेख उभा राहिला आणि ओरेगनच्या कुणा अनोळखी बाईने तिला तारा देऊन टाकला. शनिवारी चर्चच्या तळघरात बीन्सचं जेवण असतं, तिथे पाद्रींनी ही बातमी सगळ्यांना सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण त्यानंतर बीन्स काही घशाखाली उतरेनात.

"तुझी चेली भारीच निघाली की गं, विनी," गाडीत बसता बसता आर्मन म्हणाला. आर्मन म्हणजे माझा नवरा.

"चित्र असतं ते, आर्मन. नोबेल नाही."

"मग तोंड का एवढं आंबट?"

दुसऱ्या दिवशी मी डोकं दुखतंय म्हणून चर्च बुडवलं आणि कोरीनचा लेख उघडला. तिथला नियम असा, की ज्या वाक्याला छापील पुरावा दिलेला नाही, त्यापुढे 'संदर्भ हवा' अशी खूण कुणीही लावू शकतं. मी लावत सुटले. कारखान्याचा भोंगा समोरच्या बेटापर्यंत ऐकू जायचा. संदर्भ हवा. बायका बोटांना पट्ट्या गुंडाळून कात्रीने मासे कापायच्या. संदर्भ हवा. माझी मावशी त्याच बायकांत होती, तिची ती बोटं मी पाहिली आहेत. तरीही लावली. लेख गोवर आल्यासारखा दिसायला लागला, तेव्हा कुठे मला जरा बरं वाटलं. आता कंटाळेल आणि गुमान विणकामाकडे वळेल, असा माझा हिशेब होता.

कसली कंटाळते. वाचनालयात ठाण मांडून जुनी वर्तमानपत्रं उपसायला लागली. वर मला फोन.

"विनी, भोंगा सापडला गं. कात्र्यापण सापडल्या, फोटोसकट."

"वा," मी म्हणायचे. आतून नुसता जळफळाट.

वसंतात तिचा लेख विकिपीडियाच्या मुखपृष्ठावर गेला. एकच दिवस असतो तो, पण त्या दिवशी सगळं जग वाचतं. माझ्या दीपगृहाचं नाव मी कितीदा सुचवलं होतं. दर वेळी एका ओळीत उत्तर यायचं, अजून तयार नाही.

त्याच सकाळी माझ्या चर्चापानावर तारा दिसला. कोरीनने दिलेला. खाली लिहिलं होतं, 'माझा लेख ओळ न ओळ वाचणाऱ्या विनीला. तुझ्या खुणा नसत्या तर तो इथवर पोचलाच नसता.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उचलून फेकून द्यावा म्हटलं, तर कुणी काय काढलं ते पानाच्या इतिहासात कायमचं दिसतं, आणि कोरीन तो इतिहास वाचते. तेही मीच शिकवलंय.

शेवटी मी तिला फोन लावला.

"अभिनंदन," मी म्हणाले. "आता माझं एक काम कर. माझं दीपगृह वाच, आणि लागतील तेवढ्या खुणा लाव. हात आखडू नकोस."



"वाचलंय गं मी ते. तू शिकवलंस ना, त्याच आठवड्यात."

"मग?"

"बऱ्याच ठिकाणी संदर्भ हवा होता, विनी. पण तुला वाईट वाटेल म्हणून नाही लावल्या खुणा."