आत्ता, जेवताना

तुंगाबाई आणि मी बंगळुरात, मल्लेश्वरमला एकाच क्रॉसवर, म्हणजे एकाच आडगल्लीत वाढलो. लग्नं होऊन गेलो तेही दोन क्रॉस पलीकडे. घरात मराठी, दारात कन्नड आणि आम्हा दोघींत त्या दोन्हींची खिचडी. एकसष्ट वर्षांत, बाळंतपणं सोडली तर, आठ दिवसही एकमेकींना न बघता गेले नसतील.

गेल्या श्रावणात ती न्हाणीघरात घसरून पडली. पूजा आटोपून मी रोज तिच्याकडे प्रसाद घेऊन जाते, ती एकटीच राहते, म्हणून घराची एक किल्ली माझ्याकडेच असते. मी पोचले तेव्हा दहा वाजले होते. सातपासून ती थंड फरशीवर तशीच होती. तेव्हापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारा तिचा मुलगा मोहनकुमार मागे लागला, व्हाइटफील्डला आमच्याकडे राहायला ये. संक्रांतीच्या आत काय ते सांग, म्हणाला.

"सांगते," तुंगा मला म्हणाली, "पण आधी एकदा गोकर्णाला जाऊन येऊ. तो डोंगर परत बघायचाय."

तो डोंगर म्हणजे नववीच्या सहलीतला. बाईंचा डोळा चुकवून आम्ही दोघीच वर पळालो होतो. आता कारवारच्या गाडीने आलो, महाबळेश्वराचं दर्शन घेतलं आणि ओम बीचपर्यंत रिक्षाने जाऊन पुढे पायी निघालो.

वाट तशीच होती. जांभा दगड, त्यात मुळं, डाव्या हाताला काजूची झाडं, उजवीकडे कडा आणि खाली पाणी. वळून पाहिलं की घाटाची निळी रांग. फक्त चढ कुणीतरी वाढवून ठेवला होता.

"सकू, तू माझ्या मागून चाल," तुंगा म्हणाली. "पडले तर मऊ जागेवर पडेन."

"मऊ जागा तुझ्याएवढीच म्हातारी आहे."

"पण व्रतांनी राखलेली आहे ना."

एका फटीपाशी ती थांबली. "इथंच तुझी चप्पल खाली गेली."

"तुझी गेली."

"माझी कशी जाईल? माझ्या नव्या होत्या. मी जपून चालत होते."

"म्हणून तर रडत होतीस."

तेव्हा उरलेल्या तीन चपला आम्ही आळीपाळीने घालून खाली उतरलो होतो. बाईंनी दोघींना उन्हात उभं केलं, आणि आम्ही एकमेकींच्या पायांकडे बघून हसत राहिलो. चप्पल माझी होती असं ती गेली सत्तेचाळीस वर्षं सगळ्या मल्लेश्वरमला सांगत आली आहे. मी कधी वाद घातला नाही. त्या दिवशी मात्र नमले नाही.

चढ संपेना तेव्हा धापा टाकत तिने विचारलं, "सकू, अजून किती मेले?"

कन्नडात मेले म्हणजे वर. आमच्या घरांतून हा शब्द असाच मराठीत मिसळतो. पाठीवर पिशव्या घेऊन उतरणाऱ्या पुण्याकडच्या दोन मुली जागीच थबकल्या. "आजी, कोण मेले?"

"अजून कुणी नाही," तुंगा गंभीरपणे म्हणाली. "पण ही मागची आहे ना, हिचं काही सांगता येत नाही."

माथ्यावर एका सपाट कातळावर आम्ही केळीचं पान पसरलं. दहीभात, मेथीची पोळी, लिंबाचं लोणचं.

जेवताना मी बोलत नाही. सासूबाई गेल्या त्या वर्षापासूनचं, बावीस वर्षांचं व्रत आहे. पहिल्या घासापासून हात धुईपर्यंत मौन. बोललं तर पान तिथंच सोडून उठायचं, आणि त्या दिवशी पुन्हा अन्न नाही. तुंगाला हे पाठ आहे. बावीस वर्षं ती नेमकी माझ्या जेवणाच्या वेळी नको ते विचारत आली आहे. "ही नेऊ का? नको असेल तर सांग," असं म्हणून तिने माझी एक इरकली साडीसुद्धा नेली आहे.

त्यामुळे तिने "सकू," म्हटलं तेव्हा मी हसूनच वर पाहिलं.

"मोहनला आज सांगायचंय," समुद्राकडे बघत ती म्हणाली. "मी एक ठरवलंय. तू 'जाऊ नको' म्हणालीस तर मी जाणार नाही. पण हात धुतल्यावर नाही. आत्ता, जेवताना."

थट्टा करताना तिच्या डोळ्यांशी एक बारीक सुरकुती पडते. ती पडली नव्हती.

दोनच शब्द होते. दिवसाच्या उपवासाचं मला काय? देवाची क्षमा मागितली असती, अकरा दिवस जास्तीचा जप केला असता. दोन्ही शब्द तोंडात आलेही होते. पण डोळ्यांपुढे ती फरशी आली, तिचे ओले केस आले. मी घास गिळला आणि दुसरा घेतला.

भात संपेपर्यंत ती वाट बघत होती. मी शीत न् शीत वेचून खाल्लं. मग बाटलीतलं पाणी हातावर घेतलं.

"जा, तुंगा," मी म्हणाले.

"सरी, बरं." तिने पान दुमडलं. "व्रत मोठं. मी लहान."

"व्रताचंच असतं तर मोडलं असतं गं." माझा आवाज मुळातच बारीक, वाऱ्यात तो मलाही नीट ऐकू येईना. "एरवी नऊला येते मी. त्या दिवशी एकादशी होती, म्हणून सहस्रनाम दोनदा म्हटलं. एक तास तू माझ्यामुळे जास्त पडून राहिलीस."

हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही.

तिने दुमडलेलं पान पिशवीत ठेवलं. मग पिशवीतून फोन काढला. रेंज नव्हती, म्हणून शेजारच्या धोंड्यावर चढली. मी मागून तिचा पदर घट्ट धरला.

"मोहन, येते मी," ती म्हणाली. "हो, राहायलाच. नाही रे, रडत नाही, वारा आहे. कुठे म्हणजे, डोंगरावर."

पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. शेवटी तिने फोन माझ्याकडे दिला.

"सकू अक्का, तुम्ही तरी..." एवढं बोलून तो थांबला.

"बाळ, माझं ऐक," मी म्हणाले. "आईला सकाळी सातला एकदा हाक मारत जा. तिने ओ दिल्याशिवाय ऑफिसला निघू नकोस. आणि न्हाणीघराची आतली कडी काढून टाक."

"कडी मी लावणार," तुंगा धोंड्यावरून म्हणाली, आणि उतरण्यासाठी तिने हात पुढे केला.