डाव्या सीटखालचा आवाज

गोदामाईच्या पाण्यात उभी राहून सांगते, यातला शब्दन् शब्द खरा हाय. खोटं निघालं तर जीभ झडू दे माझी.

पंचवटीत सहादूची पिठाची गिरणी होती. अठ्ठ्याण्णव साली त्यानं बायकोसाठी एक जुनी छोटी मोटार घेतली. एकटा असला की तो सायकलच काढायचा, मोटार फक्त तिला फिरवायला. पहिल्याच खड्ड्यात मोटार डाव्या सीटखालून बोलली, खडक्. साधासुधा आवाज नव्हता तो. आडगाव नाक्यावरची कुत्री तो ऐकून आपापल्या गल्लीत पळायची, आणि चांदवडच्या डोंगरातली माकडं उलट उत्तर द्यायची.

त्या डाव्या सीटवर बसायची नवसाबाई, सहादूची बायको. अंगानं भरलेली, तोंडानं त्याहून. गिरणीतल्या वजनकाट्यावर बसायची आणि गिऱ्हाइकांसमोर सहादूला विचारायची, मला दळायचे किती घ्याल? तिचं वजन सहादूला पाठ झालं होतं.

गाडी नेली द्वारका चौकाजवळच्या बारकू मिस्तरीकडं. बारकूची रीत अशी, की ट्रायल घेताना बायामाणसांना खाली उतरवायचं, स्टुलावर बसवायचं आणि चहा सांगायचा. मग एकटाच चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, आवाज नाय. नवसाबाई परत बसली, दोन गल्ल्या गेल्या, की खडक्. त्यानं शॉकअप बदलले, बुश बदलले, एकदा तर सीटच खोलून बघितली.

"मावशी, तुमच्या बांगड्या वाजत असतील," बारकू म्हणाला.

"बांगड्या काढायला सांगतो का रे मेल्या? मला बसवून चालव एकदा."

बारकू हसला. सहादूपण हसला. बाईमाणसाला घेऊन कुणी ट्रायल घेतं का?

पुढं नवसाबाईच्या पोटात गाठ निघाली. दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. ती वाळत चालली, आणि गंमत बघा, आवाजही बारीक होत चालला. सहादूला वाटलं, बारकूच्या नव्या बुशाचा गुण. एक दिवस दवाखान्याकडं जाताना गाडी अगदी गप्प. तो खुशीत म्हणाला, "बघ, गेला की नाय आवाज."

ती काचेला डोकं टेकून बसली होती. "अहो, आवाज कुठला जातोय," ती म्हणाली. "मीच चाललेय."

ती त्या दवाखान्यातून परत आली नाय.

दहावा झाला. रामकुंडावरून सहादू एकटाच गाडी घेऊन निघाला, खड्डा आला, गाडी मुकी. त्यानं मागं घेऊन परत त्याच खड्ड्यात घातली. मुकी. तेव्हा त्याला तिचं बोलणं कळलं. तो तसाच बारकूकडं गेला आणि म्हणाला, तो आवाज मला परत काढून दे. बारकूनं पाना खाली ठेवला आणि म्हणाला, त्या सीटवर वजन ठेवून बघू.

सहादूनं गिरणीतल्या काट्यावर पोत्यात गहू भरले, ती आजारी पडायच्या आधी जेवढी भरायची तेवढे. पोतं डाव्या सीटवर बसवलं, बारकू मागं बसला, आणि गाडी विंचूरच्या रस्त्याला लागली. पहिल्याच खड्ड्यात, खडक्. सहादूचे डोळे भरले. बारकूनं तिथंच खाली वाकून बघितलं, दुखणं सापडलं, बदलू का म्हणून विचारलं. सहादू म्हणाला, हात लावू नको.

आता शपथ घेऊन बसलेय, तर सांगूनच टाकते. कुत्री खरी. माकडं तर अगदी खरी. तो पोत्याचा खडक् तेवढा मी पदरचा घातलाय. विंचूरपर्यंत सहादूनं एक खड्डा चुकवला नाय. गाडी गप्पच. शेवटी बारकू मागनं हळूच म्हणाला, "सहादूभाऊ, पोतं माणसासारखं बसत नाय."

सहादूनं गाडी कडेला घेतली. पोतं जरा काचेकडं सरकवलं, ती टेकायची तसं. आणि गाडी वळवून परत पहिल्या खड्ड्याकडं निघाला.