पकडीचे टायर

गाडीचे चारही टायर झिजलेत हे कळलं तेव्हा प्रेमानंद गजभियेला मनातून आनंदच झाला. गाडी लाल होती, बुटकी होती, टर्बो पेट्रोलची होती. परदेशी निघालेल्या एका डॉक्टरनं ती विकायला काढली आणि ह्यानं बायकोला न विचारता घेतली. नागपुरात हुडकेश्वरच्या ज्या गल्लीत तो राहायचा तिथे दुसऱ्या गिअरच्या वर जाण्याचा प्रसंग माणसावर येत नाही. पण कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्यानं वेगाची हौस करू नये, असा विद्यापीठाचा काही नियम नाही.

मग तो जेवताना, दाढी करताना, वर्गात हजेरी घेतानाही टायरांचा विचार करू लागला. मोबाइलवर एक दाढीवाला इसम ओल्या मैदानात गाडी गरागरा फिरवायचा, खाली उतरायचा आणि टायरकडे अशा गंभीर चेहऱ्यानं बघायचा, जणू टायरचा रिपोर्ट वाईट आलाय. प्रेमानंदला त्याच्याकडून पुष्कळ ज्ञान मिळालं. बाजूची भिंत कडक असली की गाडी वळणावर झुकत नाही. रबर मऊ असलं की टायर लवकर झिजतो, पण रस्त्याला घोरपडीसारखा चिकटतो.

"तुमाले कोणत्या वळणावर चिकटायचं आहे?" त्याच्या बायकोनं, प्रीतीनं विचारलं. ती रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये होती आणि तिला मोघम बोललेलं चालत नसे. "मानेवाड्याच्या चौकात त सिग्नल असते."

"प्रश्न वळणाचा नाही. सेफ्टीचा आहे."

सेफ्टी म्हटलं की पुढे वाद होत नाही, हेही त्या दाढीवाल्यानंच शिकवलं होतं.

रिंग रोडवर रोशनचं टायरचं दुकान होतं. रोशननं तीन टायर काढून ठेवले. एक आरामाचा, एक खूप वर्षं चालणारा आणि एक पकडीचा. धंद्यात रोशनचं तत्त्व सरळ होतं. गिऱ्हाईक ज्या टायरवरून हात फिरवेल, तो भारतातला सर्वांत चांगला टायर. प्रेमानंद तिसऱ्यावरून हात फिरवत होता. त्याची नक्षी रुंद, तिरकी, रागावलेल्या माणसाच्या भुवयांसारखी होती.

"सर, नजर पाहिजे ना गा अशी," रोशन म्हणाला. "हा रेसवाल्या लोकांचा आहे. फक्त सिमेंट रोडवर थोडा आवाज करते."

"थोडा म्हणजे?"

"म्हणजे गाडी चालून राहिली, एवढं समजते."

आता नागपुरात बहुतेक रस्ते सिमेंटचे झालेत आणि जे झाले नाहीत ते होण्यासाठी खोदून ठेवलेत. पण प्रेमानंदनं टायर बसवले. घरी येईपर्यंत त्याला समजलं की गाडी चालून राहिली हे त्यालाच नाही, दोन्ही बाजूंच्या घरांनाही समजत होतं. प्रीती एकदा बसली आणि म्हणाली, "पिठाच्या गिरणीत बसून आल्यासारखं वाटते." तो म्हणाला, हा आवाज नाही, रस्त्याचा फीडबॅक आहे.

आठवड्याभरात त्याला ह्या फीडबॅकचा असा उपयोग सापडला की तो दाढीवाल्यालाही सुचला नसता.

त्याची सासू कौसल्याबाई कुहीला एकटीच राहायची. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेली, साखर असलेली, विधवा. डोळे दाखवायला ती नागपूरला यायची आणि परत सोडायला जावई. पुढे बसलं की मळमळतं म्हणून ती मागे बसे आणि घर येईपर्यंत बोलत राही. कुणाची सून नांदत नाही, कुणाच्या धानाला तुडतुडा लागला, कुणी कुणाला लग्नात आहेर केला नाही. त्या दिवशी प्रीती कामावर होती. गाडी निघाली, टायरांनी सूर धरला आणि प्रेमानंदला आरशात फक्त सासूचे हलणारे ओठ दिसू लागले. इतका शांत प्रवास त्याला लग्नापासून घडला नव्हता.

ओठ थांबले की तो "हो" म्हणायचा. जास्त वेळ थांबले तर "बरोबर आहे" म्हणायचा. पाचगावच्या पुढे ओठ थांबले आणि थांबलेच. आरशातून सासू त्याच्याकडे एकटक बघत होती. उत्तर हवंय हे त्याला कळलं. बहुतेक मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं विचारत असेल.

"करून टाका आई," तो ओरडून म्हणाला. "एवढा काय विचार करता? मी आहो ना."

कौसल्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. धूळ आली असेल म्हणून त्यानं काच वर घेतली. कुहीला उतरल्यावर तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तांदळाचं पोतं गाडीत टाकायला लावलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं, पण तांदूळ चांगला होता.

रविवारी प्रीतीचा धाकटा भाऊ ऋषी याचा पुण्याहून फोन आला.

"जय भीम दाजी. तुमी त क्रांती केली."

"कशाची?"

"आई धोंडबा काकांशी लग्न करून राहिली ना. म्हणाली, पहिले जावईबापूले विचारलं, ते म्हणाले करून टाका, मी आहो. आता मी काय बोलू?"

धोंडबा म्हणजे त्याच दवाखान्यातले जुने कंपाउंडर. बायको वारलेली, घरची थोडी धानाची शेती. प्रेमानंदनं त्यांना सासूच्या ओसरीवर पेपर वाचताना पाहिलं होतं. ते पेपरच वाचायला येतात असं त्याला वाटत होतं.

फोन स्पीकरवर होता; ठेवला तर मागे प्रीती उभी.

"तुमाले माहीत होतं? अन् मले काहून नाही सांगितलं?"

इथे दोन रस्ते होते. टायर बहिरं करतात आणि तसंही आपण सासूचं कधीच ऐकत नाही, हे कबूल करणं हा एक. पुरोगामी ठरणं हा दुसरा. प्रेमानंदनं गळा साफ केला आणि माणसाच्या एकटेपणावर बरंच बोलला. बोलता बोलता त्याला स्वतःचं पटतही गेलं. प्रीती ऐकून घेऊन म्हणाली, "आईनं पहिले तुमाले सांगितलं," आणि आत गेली. तिला लग्नाचं नाही, ह्याचंच लागलं होतं, हे त्याला त्या आवाजावरून कळलं.

पुढच्या सुटीला दोघं कुहीला निघाले. प्रीती काचेतून बाहेर बघत होती. मधेच तिनं काही विचारलं. तो म्हणाला, "हो." पुन्हा काही विचारलं. तो म्हणाला, "बरोबर आहे." मग बाहेर बघतच, नेहमीच्या आवाजात तिनं एक वाक्य टाकलं. समोर लांबलचक वळण होतं, गाडी रुळावरून गेल्यासारखी चालली होती आणि प्रेमानंद खूश होता.

"करून टाक," तो म्हणाला.

तिनं हात लांब करून त्याच्या खांद्यावर ठेवला. "गाडी थांबवा."

गाडी थांबली. टायर गप्प झाले. बांधावरचे बगळेसुद्धा ऐकू येतील एवढी शांतता पसरली.

"मी काय म्हणाली?"

त्यानं सवयीनं आरशात बघितलं; मागची सीट रिकामी होती.

"मी म्हणाली, मीही दुसरा नवरा करून राहिली."

प्रेमानंदनं स्टिअरिंगकडे बघितलं. प्रीतीचे खांदे हलायला लागले. ती रडतेय असं वाटून तो घाबरला, पण ती हसत होती, आणि मग थोडी रडलीही. उरलेला रस्ता त्यानं एका ट्रॅक्टरच्या मागे, ट्रॅक्टरच्याच चालीनं कापला.

कुहीला पोचताच, चप्पलही न काढता, प्रीतीनं आईला सांगितलं, "ह्यायले काहीच ऐकू नव्हतं आलं वं आई. नुसतंच हो हो केलं ह्यायनं."

कौसल्याबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी सोलणं थांबवलं नाही.

"नसंल आयकलं," त्या म्हणाल्या. "मले तरी कुठं आयकू येत होतं? एवढा आवाज होता म्हणून त तोंडातून निघालं. तुह्यासमोर किती वेळा बसली मी. तू विचारे, काय झालं आई, अन् मी म्हणो, काही नाही."

प्रीती खाली बसली. तिनं सुपातल्या चार शेंगा उचलल्या आणि सोलायला लागली. प्रेमानंद दारातच उभा राहिला. आपल्यावर कुणी रागावलेलं नाही आणि कुणाचं लक्षही नाही, हे त्याला हळूहळू कळलं.

आतून धोंडबा चहा घेऊन आले. प्रीतीनं पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"लय गोड आहे हा. आईले साखर आहे, माहीत आहे ना तुमाले?"

"हा पाहुण्यायचा आहे," धोंडबा म्हणाले. "तिचा वेगळा ठेवला आहे, चुलीवर."

ते तो आणायला पुन्हा आत गेले. प्रीती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली आणि तिनं तो गोड चहा सगळा पिऊन टाकला.