दुरडीतलं चालते

मी एक दुरडी. बांबूची, भाकरी ठेवायची. काठ झिजला आहे आणि एका बाजूची वीण सुटल्यामुळे तिथे सुतळी आवळली आहे.

मी बोलावं की नाही, हा विचार मी बरीच वर्षं करते आहे. दुरडीकडे सांगण्यासारखं असतं तरी काय? पण आदिलाबादकडच्या जैनथच्या बाजूच्या एका गावात माझ्याविषयी एक गोष्ट पसरली होती. माझ्यात ठेवलेली दशमी आठ-आठ दिवस ताजी राहते, असं बाया सांगत. ती गोष्ट पुरती खरी नाही. जे खरं घडलं ते तिच्याहून गोड आहे, असं मला वाटतं. माझं चुकतही असेल. ऐकून तुम्हीच ठरवा.

मला विणलं एका बुरडिणीने आणि विकायला मांडलं तामसीच्या बाजारात. बयनाबाईने मला उचललं, उन्हाकडे धरलं आणि एक डोळा मिटून माझ्यातून आरपार पाहिलं.

"अवं बाई, हिच्यातून तं सारं ऊन दिसून राह्यलं!"

"दिसलंच पायजे," बुरडीण म्हणाली. "भाकरीले बी शास घ्या लागते."

बयनाबाई हसली आणि मला काखेत मारून निघाली. आपण कशाला लायक आहोत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ते आपल्याला जमेल का, ही काळजीही त्याच दिवशी सुरू झाली.

बयनाबाईचा नवरा डोमाजी. कापूस आणि ज्वारी पिकवणारा, कमी बोलणारा, पण आतून मिस्कील माणूस. त्यांची एकुलती एक लेक आशा नुकतीच भैंशाला दिली होती. जावई सुधाकरराव किराणा दुकान चालवत. घर चांगलं होतं. सासू शकुबाई तोंडाने तिखट होती, पण लेकीला खाण्यापिण्याचं काही कमी नव्हतं. ते ब्याऐंशी साल असावं, की त्र्याऐंशी? नक्की सांगता येत नाही.

संक्रांतीनंतर, कापसाची शेवटची वेचणी उरकली की डोमाजी लेकीला भेटायला निघायचा. आणि इथेच माझं काम सुरू व्हायचं. कारण त्यांच्यात रीत होती की लेकीच्या पोटी लेकरू होईपर्यंत बापाने तिच्या घरचा घास घ्यायचा नाही. म्हणून बाप आपली भाकरी बांधून न्यायचा. पाणी चालायचं. चहा अन्नात मोडत नाही, असं डोमाजीने स्वतःच ठरवून टाकलं होतं. पण भाकरी मात्र आपल्या घरची. ती संपली किंवा विटली, की उठायचं आणि बस धरायची.

थोडक्यात, माझ्यातल्या दशम्या जितके दिवस टिकतील, तितके दिवस बाप लेकीजवळ राहणार. एका दुरडीवर एवढं ओझं टाकू नये, पण टाकलं होतं खरं.

पहिल्या वर्षी मी नापास झाले. पहाटेची बस चुकू नये म्हणून बयनाबाईने दशम्या तव्यावरून काढल्या तशाच वाफाळत्या माझ्यात भरल्या आणि वरून धोतराच्या फडक्याच्या गाठी घट्ट मारल्या. वाफेला बाहेर पडायला वाटच उरली नाही. आदिलाबादला बस बदलेपर्यंत मी आतून घामाघूम झाले होते. तिसऱ्या दिवशी डोमाजीने फडकं सोडलं तर आंबूस वास आला, आणि दशमी मोडली तशी बारीक तार सुटली.

त्याने फडकं पुन्हा झाकलं. "निघतो मी, आशे."

"काऊन? माह्या हातची भाकर कडू लागते काय?"

"कडू नाई, माय. रीत हाये."

"रीत लेकीच्या घरी बापाले उपाशी ठेवते काय?"

डोमाजीने मला काखेत मारलं. आशा बसपर्यंत पोचवायला आली. खिडकीतून माझ्या काठाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "पुढच्या साली जास्त दिवसाच्या आना, बाबा." बस हलली तरी तिने काठ लवकर सोडला नाही.

त्या एका वाक्याने बयनाबाई पेटली. पुढच्या साली तिने पाण्याचा थेंब न घालता पीठ निव्वळ दुधात भिजवलं, दशम्या मंद आचेवर दोन्हीकडून नीट भाजल्या. मग बाजेवर धुतलेलं लुगडं अंथरून त्या सुट्या सुट्या पसरल्या आणि हात लावला तर गार लागेपर्यंत कुणालाही शिवू दिल्या नाहीत. माझ्या तळाला पळसाची पानं आली, गाठी सैल झाल्या. शिवाय डोमाजीला बजावलं, "रोज सकाळी फडकं सोडजा, जराशी हवा लागू देजा. अन् वल्ल्या हातानं दुरडीत हात घालसान तं याद राखा!"

त्या साली मी पाच दिवस निभावलं. पाच दिवस! आशा मला येता-जाता पाहायची, जसं कुणी दिव्यातलं तेल पाहतं.

वर्षं गेली. आशाला मूल झालं नाही. समोरच्या घरची देवकाबाई दरवर्षी आपल्या ओट्यावर बसून व्याह्यांवरून मोठ्याने विचारायची, "इवाई अजून बांधूनच आनते काय वं भाकर?" आशा हसून घरात जायची. घरात गेल्यावर ती हसत नसे. मी खुंटीवर असायचे, मला दिसायचं. दशम्या टिकवून आपण या पोरीचं भलं करतो आहोत की रोज तिला टोचतो आहोत, या विचाराने माझी झोप उडायची. म्हणजे, दुरडीला जी काही झोप असते ती.

असंच एका वर्षी पाचव्या दिवशी दशमीवर मोहरीएवढा हिरवा ठिपका आला. डोमाजीने तो पाहिला, फडकं परत झाकलं आणि सुधाकररावांबरोबर जिनिंगकडे कापसाचे भाव ऐकायला गेला. ठिपका आशानेही पाहिला होता; ती स्वयंपाकघरात वळली. दुधात पीठ भिजलं, तवा तापला. जुन्या दशम्या गाईपुढे गेल्या आणि तिच्या हातच्या नव्या माझ्यात आल्या. ती दर घडीला दाराकडे बघत होती. मीही घाबरले होते.

तेवढ्यात दारात शकुबाई.

आशा तशीच उभी राहिली. शकुबाईने माझ्यात डोकावून पाहिलं, एक दशमी उचलली, उलटीपालटी केली.

"हे काय करून राह्यली वं?"

"आत्याबाई, मी..."

"चोरी करा लागते तं नीट करावं! पाच दिवसाची दशमी अशी मऊ रायते काय? तुया बाप काय आंधळा हाये? जाय, सुपात घालून घडीभर उन्हात ठेव. कडा जराशा वाळू दे."

आशाला हसावं की रडावं कळेना. आणि माझं काय सांगू! जन्मभर भाकरी शिळी होऊ नये म्हणून मी जिवाचं रान केलं, आणि इथे दोघी सासू-सुना माळवदावर उकिडव्या बसून ताजी भाकरी शिळी करत होत्या. शकुबाई मधूनमधून दशमी दाबून म्हणायची, "अजून नाई. अजून तरनी हाये."

संध्याकाळी डोमाजी जेवायला बसला. फडकं सोडलं, तुकडा मोडला, तिळाच्या चटणीबरोबर तोंडात घातला. चावता चावता क्षणभर थांबला. मग डोमाजी म्हणाला, "यंदाच्या दशम्या लय टिकल्या बुवा," आणि दुसरा तुकडा मोडला.

त्या वर्षी तो आठ दिवस राहिला. त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून जास्त.

गावात माझी कीर्ती झाली ती अशी. जयवंताबाई नावाची शेजारीण मला मागून घेऊन गेली आणि चौथ्या दिवशी ओरडत आली, "तुई दुरडी खोटी हाये, बयना! बुरशीनं भरल्या साऱ्या!" बयनाबाईने मला ओढून घेतलं. "दुरडी नाई खोटी. तू गरमागरम कोंबल्या असतीन." बयनाबाईचा तो विश्वास मला फार लागला. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण दुरडीला तोंड कुठे असतं?

शेवटी ते बाहेर आलं एका दशमीमुळे. शिदोरी पुरती संपवू नये म्हणतात, म्हणून एका वर्षी डोमाजी एक दशमी परत घेऊन आला. बयनाबाईने ती हातात घेतली, दारापाशी उजेडात नेली आणि कडेवर उमटलेल्या बोटांवर आपली बोटं ठेवून पाहिली. तिची बोटं जाड, कापूस वेचून रापलेली. कडेवरच्या खुणा बारीक होत्या. त्यांत तिचं एकही बोट बसेना.

"हे दशमी माही नाई."

डोमाजी पायातल्या वहाणा काढत होता. तो वाकलेलाच राहिला.

"हे आशीच्या हातची हाये. तुमाले मालूम हाये?"

"हाये."

"कवापासून?"

"पयल्या घासापासून. तुया हातची दशमी तीस सालं खाल्ली मी. मले वळखू नाई येनार?"

"अन् तरी खाल्ली? रीत सोडून?"

डोमाजी सरळ झाला. तोंडावर अगदी निरागस भाव होता. "लेकीच्या ताटातलं खाऊ नोको, असं म्हंतेत. दुरडीतलं खाऊ नोको, असं कोनं म्हनलं? दुरडी आपली हाये. दुरडीतलं चालते."

बयनाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. मग दारातच मटकन बसली आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं सगळंच हसण्याचं नव्हतं, असं मला वाटतं. "अन् मी मूर्ख," ती म्हणाली, "दर साली पहाटे उठून चुलीपाशी मरतो!"

तिने ती दशमी मोडून अर्धी स्वतः खाल्ली. लेकीच्या हातचं तिनेही किती वर्षांनी खाल्लं होतं.

पुढची संक्रांत झाली. निघायच्या दिवशी बयनाबाईने डोमाजीच्या हातात एक लहान गठुडं दिलं. "हे बसमंदी खा. दुरडी मोडू नोका." मग मला दिलं. मी फडक्याच्या गाठी मारलेली, चांगली जड होते. डोमाजीला काही कळलं नाही. मला मात्र माझ्या पोटात काय आहे ते कळत होतं, आणि दोन बस बदलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तिथे गेल्यावर हा माणूस काय करील? रागावला तर? तसाच मागे फिरला तर?

भैंशाला समोरच्या ओट्यावर देवकाबाई बसलेलीच होती. शकुबाई दारात आली, आशाने पाय धुवायला पाणी आणलं. डोमाजीने मला आशाच्या ओट्यावर ठेवून गाठी सोडल्या.

आत बोरं होती. शेताच्या बांधावरची, पिकलेली, काठोकाठ. दशमी एकही नव्हती.

शकुबाईने वाकून पाहिलं. मग देवकाबाई म्हणाली, "अगा माय! भाकर नाई आनली इवायानं! आता काय खातीन?"

आशाचा चेहरा उतरला. डोमाजी बोरांकडे बघत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतो आहे. तो हसत होता. "बयना," तो म्हणाला, "बयना वं, काय बाई हायेस!"

मग त्याने एक बोर उचलून तोंडात टाकलं आणि लेकीकडे पाहिलं.

"आशे, पाहून काय राह्यली? तवा ठेव."

"बाबा?"

"भूक लागली मले. तवा ठेव."

"अन् रीत?" देवकाबाईने ओट्यावरून विचारलं.

"रीत म्हातारी झाली, बाई," डोमाजी म्हणाला. "तिले दोन-दोन बसा बदलनं होत नाई आता. तिले घरीच ठेवून आलो."

शकुबाईने पदर खोचला. "आशे, त्या सांडग्याची भाजी घाल. अन् देवकाबाई, तुमी बी या आत. पंगतीले बसा. बाहेरून पायता पायता मान दुखन तुमची."

देवकाबाई आली, बरं का. आणि पोटभर जेवली.

आशाने पहिली भाकरी तव्यावरून काढली. इतक्या वर्षांची सवय. बोरं काढून रिकाम्या केलेल्या माझ्याकडे तिचा हात वळला. भाकरी वाफाळत होती. मी तयार झाले. तेवढ्यात डोमाजीने ताट पुढे केलं.

"दुरडीत नोको. ताटात दे."

तिने ताटात वाढली. हात भाजत होता तरी तिने तो भाकरीवरून लवकर काढला नाही.

तेव्हापासून मी भैंशालाच आहे. डोमाजी अजून येतो, हात हलवत येतो आणि बयनाबाईचा निरोप आल्याशिवाय जायचं नाव घेत नाही. दोन वर्षांपूर्वी बयनाबाईही आली होती. लेकीच्या ताटातली भाकरी खाताना तिने तीत तीन चुका काढल्या आणि दुसरी मागून घेतली. सुधाकररावांनी आता फ्रिज घेतला आहे. शकुबाईने एकदा त्यात भाकरी ठेवून पाहिली, आणि चामड्यासारख्या झालेल्या भाकरीला नावं ठेवत पुन्हा त्या वाटेला गेली नाही. मी खुंटीवर असते. माझ्यात लसूण असतो, कधी बोरं असतात.

मला कीर्ती मिळाली ती माझी नव्हती आणि मी सांगितलं ते नीट जमलं की नाही, याचीही मला खात्री नाही. तरी एक विनंती करते, एवढी ऐका. कुणासाठी दशमी बांधाल तर तिची वाफ आधी जाऊ द्या, घाई करू नका, आणि गाठ सैल मारा. त्यापुढे ती टिकेल तितकी टिकेल.

आणि कुणाला दुरडी हवी असेल, तर मी मोकळी आहे. या घरात मला शिदोरी बांधायचं काम उरलं नाही. या घरापुरतं बोलायचं, तर ते असंच राहो.