मास्तरांचं आजचं माप

शनिवारी नातीचा पदवीदान समारंभ होता आणि मंगळवार उजाडला तरी आजोबांच्या जॅकेटची डावी बाही बसत नव्हती.

आजोबांना त्यांच्या शिलाईच्या दुकानात सगळे मास्तर म्हणत. पन्नास वर्षं त्यांनी स्वतःचं प्रत्येक जॅकेट स्वतः बेतलं, स्वतः शिवलं. या वेळी मात्र कापड सुनेपुढे सरकवून म्हणाले, "तू शिव. बघू तरी, दुकानातल्या बारा वर्षांत काय शिकलीस." ती टेप घेऊन पुढे झाली, तर तिला हातानेच थांबवलं. "माझं माप मला पाठ आहे. लिहून घे."

तिने लिहून घेतलं. तीन आठवडे ती त्या कापडाशी बसून होती. छातीच्या आतला कडक कॅनव्हास बारीक टाक्यांनी हाताने बसवला, कॉलर बोटावर वळवत वळवत शिवली. मास्तरांनी टाका न् टाका नखाने चाचपून पाहिला आणि काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे पसंती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती मनातून सुखावली होती.

पण कच्च्या टाक्यांवर जॅकेट अंगात घातलं की डावीकडे, खांद्याखाली, चुणी पडे. रविवारी मास्तरांनी ती बाही उसवली. सोमवारी पुन्हा. दोन्ही वेळा गिऱ्हाइकांसमोर.

"मुंढा चुकलाय. कापताना लक्ष कुठं होतं?"

मंगळवारी सकाळी तिने बाही जिथे जोडतात ते दोन्ही मुंढे एकावर एक ठेवून पाहिले. सुताचाही फरक नव्हता. दुपारी मास्तर आरशापुढे उभे राहिले. पुन्हा चुणी. त्यांनी जॅकेट काढून टेबलावर ठेवलं आणि ब्लेड उचललं. या वेळी ती जॅकेटकडे नाही, त्यांच्याकडे बघत होती. कापड त्यांनी डाव्या हातात धरलंच नव्हतं. कोपराखाली दाबलं होतं.



"बाबा, ब्लेड ठेवा. सरळ उभे राहा."

"कशाला?"

"माप घ्यायचंय."

"सांगितलंय ना तुला..."

"ते जुनं. मला आजचं हवंय."

इस्त्रीच्या टेबलाशी तिचा नवरा इस्त्री हातात धरून तसाच उभा राहिला. "अगं, जाऊ दे ना," तो पुटपुटला. बाकावरचं गिऱ्हाईक उगाच बटणं न्याहाळू लागलं. मास्तरांशी या दुकानात असं कुणी बोललं नव्हतं. तिने टेप लावली. छाती अर्धा इंच कमी. डावा खांदा उजव्यापेक्षा सव्वा इंच खाली.

आकडे तिने मोठ्याने वाचले नाहीत. टेप त्यांच्यासमोर धरली. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"कधीपासून?" तिने हळूच विचारलं.

"महिना झाला. डाव्या बोटांत कापड आहे की नाही, कळतच नाही."

"म्हणून मला शिवायला दिलंत?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मग चूक माझ्यावर का ढकलत होतात, बाबा?"

"तुझाच हात चुकला असता, तर बरं झालं असतं," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले.

नवऱ्याने इस्त्री बंद केली आणि रिक्षा बोलावली. दवाखान्यात कळलं, अर्धांगवायूचा लहानसा झटका येऊन गेला होता. दुसरा एवढ्यावर सोडणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं आणि त्यांना तीन दिवस ठेवून घेतलं. सुनेने दवाखान्याच्या बाकावर बसून डावा मुंढा नव्याने बेतला, बाही लावली. खाटेवरून सूचना येतच होत्या.

"खांद्यात भर घाल. कुणाला कळणार नाही."

"घालते. पण थोडीच. जास्त घातली तर चालताना सरकेल."

मास्तरांनी विचार केला. "हं. बरोबर आहे."

शुक्रवारी त्यांना घरी सोडलं. शनिवारी जॅकेट घालून ते सभागृहाच्या पायऱ्यांपर्यंत आले आणि थांबले. सुनेने डावीकडून दंडाला धरलं.

"बाही नको, चुरगळेल," ते म्हणाले. "हात धर."