देस्पिनाकाकूंची भिंत

सात वर्षं मी बितोला शहरातल्या माझ्या फ्लॅटमधून, घरच्याच सर्व्हरवर, लोकांची ईमेल फुकट सांभाळली. जाहिराती नाहीत, पाळत नाही, कुणाच्या नावाची नोंदही नाही. विजेचं बिल तेवढं माझ्या नावावर. सोमवारी सर्व्हर बंद केला. आधी महिनाभर नोटीस लावली होती, पण एकाही शहाण्यानं दोन ओळी खरडल्या नाहीत. मलाही काही वाटलं नाही.

बुधवारी शेजारच्या देस्पिनाकाकू शाल गुंडाळून दारात आल्या.

"ब्लागोय, मेलास की काय? माझी भिंत गार पडलीय!"

त्याच भिंतीला लागून सर्व्हर तापायचा.

"बंद केला, काकू. बिल परवडेना."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं? सात हिवाळे फुकट शेकले मी." त्यांनी पाचशे दिनारांची नोट पुढे केली. "अर्धं बिल माझं. लाव परत."

सर्व्हर मी कालच भंगारात दिला होता.